मला कुणी विचारलं नव्हतं

मी साप बोलतोय. दचकू नका, रबराचा आहे. नऊ हात लांब, अंगावर हिरवे पट्टे, तेही आता पोपडे धरून गळालेले, आणि तोंडात जिभेच्या जागी सायकलीच्या ट्यूबचा वॉल्व. चावायचं म्हटलं तरी जमणार नाही. दिग्रसहून पुसदकडे जाताना रस्त्यालगत जांबाची एक बाग लागते. पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात, तो आमचा जांब. त्या बागेत मधल्या झाडाखाली मी पडून असतो. खरं सांगायचं तर बोलायचाही मला आता कंटाळा येतो. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा परवा एका बाईनं मला विचारलं, तुला काय म्हणायचं आहे म्हणून. विचारलं, तर सांगितलं पाहिजे.

मी गफ्फारभाईंच्या हातचा. एसटी स्टँडच्या मागं त्यांचं पंक्चरचं दुकान. एक दिवस शीलाबाई तिथं आल्या. गावातल्या लहानशा चर्चमध्ये रविवारी पोरांची शाळा घ्यायच्या त्या. म्हणाल्या, "गफ्फारभाई, एक साप पाहिजे."

"बाई, मी पंक्चर काढतो. गारुडी थोडी हाय!"

"अहो, नाटकातला. नाताळात पोरांचं नाटक हाय, आदाम-हव्वेचं. कापडाचा शिवला त तो कमरपट्ट्यावानी दिसून राह्यला."

गफ्फारभाई हसले आणि कामाला लागले. तीन जुन्या ट्यूबा घेतल्या. एक पोस्टमनच्या सायकलीची, एक दूधवाल्याची, एक शाळेत जाणाऱ्या कुण्या पोरीची. सडका भाग कापून टाकला, टोकाला टोक चिकटवलं, वॉल्व तोंडाशी ठेवला. पंपानं हवा भरली की मी टरारून फुगायचो आणि वॉल्व दाबला की सुस्स असा आवाज यायचा. डोळ्यांना लाल रिफ्लेक्टरचे दोन तुकडे. रंग मात्र त्यांच्या बायकोनं, खातूनबीनं दिला, दार रंगवून उरलेला.

रंग देता देता खातूनबी शीलाबाईंना म्हणाली, "बाई, आमच्यात सापाचं नाव नाही. आमच्यात इब्लीस हाय, सैतान. आन् बाबा आदम आन् हव्वा, दोघं बी एकसाथ म्हन्ते, या अल्ला, आमचं चुकलं. कोनी कोनाचं नाव नाही घेत."

"आमच्यात घेतात," शीलाबाई हसून म्हणाल्या आणि मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. तेव्हा मला वाटलं, बाप्पा, काय नशीब, नाटकात काम मिळालं!

काम कसलं डोंबलाचं. मंडपात एका बांबूला जांबाच्या खऱ्या फांद्या बांधायच्या, त्यावर मला गुंडाळायचं. पडद्यामागं एक पोरगा वॉल्व दाबणार. हव्वा फळ तोडणार, आदामला देणार, दोघं खाणार. मग पडद्याआडून माइकवर देवाचा आवाज. देव म्हणजे नानाजी, एसटीतले निवृत्त कंडक्टर. "आदामा, तू कुठं हायेस?" असं ते अशा सुरात विचारायचे, की मंडपातली मागची मंडळी आपोआप पुढं सरकायची.

मग चौकशी. आदाम हव्वेकडे बोट दाखवून म्हणणार, "हिनं दिलं म्हणून मी खाल्लं." हव्वा माझ्याकडे बोट दाखवून म्हणणार, "सापानं भुलवलं म्हणून मी खाल्लं." आता तिसरा नंबर माझा, नाही का? दोघांना विचारलं, मग मलाही विचारतील, बाबा रे, तुझं काय म्हणणं? छे! मला थेट शिक्षाच. जन्मभर पोटावर सरपट म्हणे. अहो, गफ्फारभाईंनी मला पाय लावलेच कुठं होते! बारा नाताळ मी ही शिक्षा ऐकली. एकदाही कुणाच्या मनात आलं नाही की ह्याला विचारून पाहावं.

आदामाचं काम शीलाबाईंचा मुलगा करायचा, अतुल. तेव्हा दहा वर्षांचा. चर्चमध्ये पोरं कमी, म्हणून हव्वा व्हायला शेजारची पायल यायची. पायलच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, पण नाटकाची तिला भारी हौस. घरच्यांनी खुशीनं पाठवलेली. अतुल लाजरा होता. वाक्य पाठ, पण बोट उचलायचा नाही. शीलाबाई त्याचा हात धरून तालीम घ्यायच्या.

"असं नाही. सरळ. पायलकडे दाखव. मागच्या लोकायले दिसलं पाहिजे कोनाचं नाव घेऊन राह्यला ते!"

पन्नास वेळा तरी ते बोट सरळ करून घेतलं असेल. शेवटी पोरगं तयार झालं. तिसऱ्या वर्षी तर त्याचं बोट असं सुटायचं, की पुढच्या रांगेतल्या बाया पदराआड हसायच्या.

त्याच वर्षीची गोष्ट. तालमीच्या मध्येच पायल थांबली आणि म्हणाली, "मावशी, एक इचारू का?"

"इचार."

"फळ खाल्ल्यावर तिले कळलं ना, चांगलं काय आन् वाईट काय?"

"हव."

"म्हंजे खायच्या आधी कळत नवतं. मंग न ऐकनं वाईट असते, हे तिले आधी कसं कळावं?"

शीलाबाईंच्या हातातली वही तशीच राहिली. त्या वेड्या बाई नव्हत्या. प्रश्न कुठं जाऊन लागला ते त्यांना पक्कं कळलं. पण दोन दिवसांवर नाटक, अर्धी पोरं सर्दीनं आजारी, मंडपवाल्याचा पत्ता नाही. "तू आपलं वाक्य म्हन बरं," एवढंच म्हणाल्या. मी बांबूवरून तिच्याकडे पाहत होतो. तिचं समाधान झालं नव्हतं.

नाटकाच्या दिवशी मंडप भरला. सुस्स झालं, फळ तुटलं, खाल्लं गेलं. नानाजींनी पुकारा केला. अतुलनं बोट दाखवलं, झकास. मग नानाजी हव्वेला म्हणाले, "हे तू काय केलंस?" पायलनं माझ्याकडे एकदा पाहिलं. बोट उचललंच नाही. माइकजवळ गेली आणि स्वच्छ म्हणाली, "मीच खाल्लं. भूक नवती. कसं लागते ते पाहाचं होतं."

पडद्यामागं नानाजींची कागदं खाली पडल्याचा आवाज आला. बिचाऱ्या देवाला पुढचं वाक्यच सापडेना. आणि मी? खोटं सांगत नाही, माझ्या सगळ्या रबरात त्या क्षणी जी हवा होती ती सुखाची होती. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं नाव घेतलं नव्हतं.

शीलाबाईंचा मात्र संताप झाला. सगळ्या लोकांदेखत नाटक बिघडलं. पुढच्या वर्षी पायलला बोलावणंच गेलं नाही. नवी हव्वा आली, तिनं माझ्याकडे नीट बोट दाखवलं आणि गाडं पूर्वीसारखं सुरू झालं. पायल पुढं शिकली, पुसदला शाळेत शिक्षिका झाली असं कानावर आलं. बारा नाताळ झाले आणि मी ट्रंकेत गेलो. नाताळात भिंतीवर मशीननं चित्रं दाखवायला लागले, त्यात म्हणे माझ्याहून बरा साप असतो. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी आठ वर्षं काढली.

मला बाहेर काढलं अतुलनं. आता बापई गडी झाला होता, दाढी-मिशा आलेल्या. त्यानं ही बाग मक्त्यानं घेतली होती. जांब पिकू लागले की माकडांच्या टोळ्या यायच्या. साप दिसला की माकड झाडावर चढत नाही, असं त्याला कुणी सांगितलं. त्यानं माझ्यात हवा भरली आणि मधल्या झाडावर टांगून दिलं.

पाहा आता. बारा वर्षं मी लोकांना फळाकडे ओढणारा, आणि आता फळाला हात लावू नका म्हणून पहारा करणारा. हसू आलं मला. पण काम केलं मी इमानानं. पहिले दोन महिने माकडं कुंपणावरूनच दात विचकून परत जायची. मग एक लेकुरवाळी माकडीण धीर करून आली, काठीनं मला डिवचलं, वास घेतला. दुसऱ्या दिवशी तिचं पिल्लू माझ्या अंगावर बसून जांब खात होतं. माझी हवाही तोवर कमी झालेली. माझा निरुपाय झाला.

माकडं वरून, तर रानडुकरं खालून. डुकरं रात्रीत येऊन बुडखे उकरायची. बागेची राखण करायला बाबूसिंग होता, जवळच्या तांड्यावरचा, त्याची बायको रुपीबाई. दोघं बागेतच खोपटात राहायची. बाबूसिंग डबा वाजवून वाजवून थकला. मग एका संध्याकाळी अतुल आला आणि मोटारीच्या खोलीतून कुंपणाच्या तारेपर्यंत वायर ओढली. थेट लाइनीवरून, मधे मशीन कसलीच नाही.

मी वरून सगळं पाहिलं. अतुलच्या हातात जाड रबरी मोजे होते. रबर आहे मी, रबराकडे माझं लक्ष जायचंच. हे मोजे माणूस कधी घालतो ते मला कळतं. काम झालं, तसे त्यानं ते काढून गाडीच्या डिक्कीत टाकले आणि बाबूसिंगला म्हणाला, "झटका मशीन हाय. डुकराले नुसता चटका बसते, काही होत नाही. संध्याकाळी बटन दाबाचं, सकाळी बंद कराचं."

"बरं मालक," बाबूसिंग म्हणाला. रोज संध्याकाळी तो उघड्या हातानं बटन दाबायचा आणि दाबल्यावर एकदा हात जोडायचा. नवी मशीन आली म्हणून त्याला बरं वाटायचं.

अकराव्या दिवशी पहाटे रुपीबाई गवत कापायला कुंपणाकडे गेली. बाबूसिंग बटन बंद करायला खोपटातून निघालाच होता. तिचा तोल गेला, हात तारेवर पडला. ती किंचाळलीसुद्धा नाही. बाबूसिंगनं धावत जाऊन सुकल्या बांबूनं तिला बाजूला लोटलं, म्हणून जीव वाचला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, दोन बोटं गेली.

पोलीस आले. अतुल म्हणाला, "बटन मी नाही दाबलं साहेब. मी त घरी होतो." खोटं काहीच नव्हतं त्यात. जमादारानं बाबूसिंगला विचारलं. तो रडत उभा होता. म्हणाला, "मीच दाबलं साहेब. माह्या हातानंच दाबलं." लागलीच त्याला जीपमध्ये बसवलं. बायको दवाखान्यात, हा ठाण्यात, आणि तांड्यावर बोलणं सुरू, नवऱ्यानंच करंट सोडला म्हणून. मी झाडावर लटकून होतो.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरता उतरता शीलाबाई बागेत आल्या. आता साठीपल्याडच्या, गुडघे धरून चालणाऱ्या. दवाखान्यात रुपीबाईला भेटून सरळ इकडेच आल्या होत्या. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी हाक मारली,

"अतुल! कुठी हायेस रे?"

हीच हाक मी बारा वर्षं नानाजींच्या तोंडून ऐकली होती.

अतुल झाडांच्या ओळीआडून बाहेर आला. "इथंच हाय."

"लपून काहून राह्यला?"

"लपून नाही राह्यलो. वायर काढून राह्यलो."

"ते लावली कोनं?"

"मी लावली. पन बटन बाबूसिंगनं दाबलं. तो सोताच सांगून राह्यला ठाण्यात."

"तू त्याले काय सांगतलं होतं?"

अतुल खाली पाहत म्हणाला, "झटका मशीन म्हनून सांगतलं."

"आन् तुले माहीत होतं."

"आई, सारेच लावते. मी एकटाच हाय का? डुकरं बाग खोदून टाकत होते, माकडं सारे फळं खात होते. आन् हा..." त्याचा हात वर गेला. तेच बोट. सरळ, मागच्या लोकांना दिसेल असं. "ह्या सापाच्या भरवशावर राह्यलो मी! याले एक माकड भेत नाही. हा कामाचा असता त मले वायर लावाच लागली नसती!"

झालं! पुन्हा मीच! अरे, डुकरांचा ठेका मी कधी घेतला होता? पण मला आता रागही येईना. इतका थकवा मला ट्रंकेतल्या आठ वर्षांत आला नव्हता.

शीलाबाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग हळूच पुढं झाल्या आणि लेकाचं बोट आपल्या मुठीत धरून खाली वाकवलं.

"हे बोट मी शिकवलं तुले," त्या म्हणाल्या. "सरळ धर, नीट दाखव. दरसाल. आन् ज्या पोरीनं बोट दाखवलं नाही, तिले मी नाटकातून काढलं."

"आई, ते नाटक होतं."

"तिनं इचारलं होतं, ज्याले माहीतच नाही, त्याचा काय दोष? मले तवा उत्तर देता आलं नाही. आज दवाखान्यात बसून समजलं. बाबूसिंगले माहीत नवतं, तरी तो म्हनून राह्यला, मीच दाबलं. तुले माहीत होतं अतुल. तुले सारं माहीत होतं."

अतुलचे डोळे भरून आले. लहानपणी सर्दी झाल्यावर दिसायचा तसा दिसू लागला. म्हणाला, "मंग तू सांगशील ठाण्यात?"

"रुपीबाई सांगन. मी तिच्यासंग उभी राहीन. पन आमचं सांगनं म्हंजे ऐकलेलं. माहीत तुले हाय."

"मंग चाल, मले घेऊन चाल ना तूच."

"नाही." शीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "मी हात धरून नेलं, त उद्या म्हनशील, आईनं नेलं म्हनून गेलो. तुह्यं तूच ठरव बाळा."

आणि त्या गेल्या. फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबल्या. मागं मात्र पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना लेकाला सोडून जाणं झालं नसतं, हे मला वरून दिसत होतं.

बागेत आम्ही दोघं उरलो, माणूस आणि साप. अतुलनं मला ओढून खाली आपटलं, लाथ मारली, मग माझ्याशेजारीच मातीत बसला. बराच वेळ बसला. माकडं आली, फळं खाऊन गेली, त्यानं हाकललं नाही. मला वाटलं, आता हा मला काहीतरी विचारेल. नाही विचारलं. उठला, डिक्कीतून ते रबरी मोजे काढले आणि खिशात कोंबले. फाटक उघडं टाकून गाडी सुरू केली. फाटकातून डावीकडे वळलं की घर, उजवीकडे ठाणं. मी कान लावून होतो. गाडी उजवीकडे गेली.

त्याला बागेतून कुणी हाकललं नव्हतं. तो आपल्या पायानं बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूसिंग परत आला. त्यानंच शेजारच्या शेतातल्या माणसाला सांगितलेलं मी ऐकलं. अतुल ठाण्यात गेला, मोजे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "वायर मी लावली. मले माहीत होतं. याले माहीत नवतं." बोट कुणाकडे दाखवलं नाही. हात खालीच होते म्हणे. आता तो आत आहे आणि शीलाबाई दर शनिवारी भेटायला जातात. रुपीबाईच्या औषधपाण्याचंही त्याच पाहतात, जाता-येता खोपटात बसतात.

आणि परवा रुपीबाई बागेत आली. हाताला पांढरी पट्टी, गळ्यात अडकवलेली. पडलेले जांब डाव्या हातानं वेचत मधल्या झाडापाशी पोचली. मी पायात आलो. तिनं मला उचललं, अंगावरची माती झटकली आणि माझ्या लाल डोळ्यांत पाहून म्हणाली,

"आन् तू रे बापा? तू त सारं पाहून राह्यलता. तुले काय म्हनाचं हाय?"

बावीस वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट पाहिली. उत्तर पाठ करून ठेवलं होतं, की माझा काही दोष नाही, मला उगाच गोवलंत. सुस्स म्हणायला चार बोटं हवा असती तरी मी ते म्हणून टाकलं असतं. पण तिची ती पट्टी समोर होती, आणि माझं पाठ केलेलं उत्तर माझ्याच घशाखाली उतरेना. मोजे मी पाहिले होते. बाबूसिंगचा उघडा हातही पाहिला होता, दहा संध्याकाळी. बटन दाबून त्यानं हात जोडले की मी दुसरीकडे पाहायचो. मला बोलता येत नाही, रबराचा आहे, हे सगळं खरं. पण दुसरीकडे पाहायला तर मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं मला पुन्हा झाडाशी टेकवून ठेवलं आणि जांब पदरात घेऊन निघून गेली.

शीलाबाई म्हणत होत्या, यंदा नाताळात पुन्हा पोरांचं नाटक करायचं, पायललाही पुसदहून बोलवायचं. बाई, करणार असाल तर गफ्फारभाईंकडून मला दोन ठिगळं लावून घ्या. खातूनबी असेल तर तिलाही बसवा पुढच्या रांगेत. आणि चौकशीच्या वेळी तिसरा नंबर माझाही ठेवा. फार वेळ घेणार नाही. मला विचारा, तुला काय म्हणायचं आहे. पडद्यामागच्या पोराला वॉल्व दाबायला सांगू नका, ते शब्द त्यालाच बोलू द्या माझ्या वतीनं. तीनच आहेत. मला माहीत होतं.